‘कमी पडलो’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं

धुळ्याची ती वर्षं मला आधी कानांनी आठवतात. मी अक्काकडे राहून कॉलेजात जात होते. अक्का म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिने त्याची पिठाची गिरणी विकली नाही, स्वतः चालवायला घेतली. खाली गिरणी आणि वर आमच्या दोन खोल्या. सकाळी पट्टा चढवला की वरची फरशी पायाखाली थरथरायला लागायची, फळीवरचे डबे एकमेकांना चिकटून हळूहळू कडेला सरकायचे आणि घरातलं प्रत्येक माणूस आपोआप मोठ्याने बोलायला लागायचं. साधं ‘मीठ दे’ म्हणायचं तरी ओरडावं लागे. लाइट गेली की गिरणी एकदम थांबे आणि बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य शांततेत उघडं पडे. अक्काने एकदा गिऱ्हाइकाच्या सुनेबद्दल काहीतरी असंच ओरडून सांगितलं होतं आणि ती सून खाली दळण घेऊन उभी होती. अक्का तेवढ्याने डगमगणारी नव्हती. जिन्यावरून वाकून तिने आमच्या अहिराणीत सांगितलं, “तुन्हंच बोली राहिनू व्हतू. वर ये, चहा पी.”

पीठ आमच्या केसांत असायचं, अंथरुणात असायचं, माझ्या पुस्तकांच्या कडांना असायचं. दादर ज्वारी दळली जात असली की घरभर गोडसर वास, आणि मिरची असली की वरच्या मजल्यापर्यंत ठसका. अक्का दिवसभर गिरणीत उभी राहून संध्याकाळी वर येई, तोंड धुई आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसे. तव्यावरची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. पुढच्या आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी जेवले, कौतुकाने जेवले, पण भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात ठेचा भरणारी तिची बोटं अजून दिसतात.

आमच्या शेजारी लिलीबाई राहायच्या. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्या, पायात कॅनव्हासचे बूट. मी बी. ए.ला इंग्रजी घेतलं त्याला कारण त्याच. संध्याकाळी आमच्या वरच्या खोलीत येऊन बसायच्या, अक्काने दिलेला चहा बशीत ओतून प्यायच्या आणि मला वाक्यं घालायच्या. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून इंग्रजी बोलायची सवय मला तिथे लागली. पुढे शाळेत शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्याचं मुलींना फार नवल वाटे.

त्या घरात एक दिवस भाऊ आला. भाऊ माझा थोरला भाऊ, आमच्या घरातला पहिला शिकलेला. चोपड्याजवळच्या आमच्या गावात गणितात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आबा केळी लावायचे. खतांचा, पाण्याचा, खोडांचा हिशेब ते बांधावर उभे राहून तोंडी सांगत आणि भाऊ त्यांचं बोलणं संपायच्या आत उत्तर देई. तेव्हापासून आबांनी ठरवूनच टाकलं की हा इंजिनेर होणार. नुसतं ठरवलं नाही, गावाला सांगितलं. पुण्याच्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला त्या दिवशी गावात पेढे वाटले, आणि एस.टी.त बसवायला इतकी माणसं आली की कंडक्टरने विचारलं, लग्नाचं वऱ्हाड आहे का.

पुण्यात काय झालं ते भाऊने कधी एका दमात सांगितलं नाही. यंत्रांची ड्रॉइंगं त्याला दिसायचीच नाहीत, एवढं तो म्हणायचा. कागदावरचा चाकाचा आडवा छेद सगळ्यांना चाक वाटायचा, त्याला नुसत्या रेघा दिसायच्या. शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि त्याला विचारायची लाज. एकदा नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला, आणि एका दुपारी ट्रंक घेऊन गावी परतला. मी तेव्हा सुट्टीला घरीच होते. आबा केळीला पाणी देत होते. भाऊ बांधावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, मी परत उनू.” आबांनी त्याच्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि फावडं पुन्हा वाफ्यात घातलं. रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या महिन्यांतही नाही. एकाच घरात दोघं जेवत, झोपत, शेतात जात, आणि त्यांच्यामध्ये बोलणं म्हणून जे काही होई ते मायकडून जाई. “आबाले सांग, मोटर बंद व्हई गई.” “भाऊले सांग, मी देखस.” माय बिचारी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरायची.

मग जळगावच्या एका कंपनीत जागा निघाल्याचं कळलं. पाण्याच्या मोटारी आणि पंप विकणारी कंपनी, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना समजावून सांगणारा माणूस त्यांना हवा होता. मुलाखत मात्र इंग्रजीत, कारण मोठे साहेब दक्षिणेकडचे. मायनेच भाऊला धुळ्याला पाठवलं. म्हणाली, सुमनजवळ राह्य, ती इंग्रजी शिकाडी. मी काय शिकवणार? मी त्याला लिलीबाईंसमोर बसवलं.

पहिल्याच संध्याकाळी लिलीबाईंनी विचारलं, “तुम्हाला कोणता प्रश्न नक्की विचारतील?”

भाऊ खाली पाहून म्हणाला, “इंजिनिअरिंग का सोडलं.”

“मग तिथूनच सुरुवात करू. सांगा.”

“आय फेल्ड.”

“ते त्यांना निकालावर दिसेल. त्यांना माणूस पाहायचाय. अपेक्षेला उतरलो नाही, हे कसं सांगाल?”

भाऊने कुठूनतरी वाचलेलं काढलं. “आय वॉज नॉट अप टू द मार्क.”

लिलीबाईंनी नाक मुरडलं. “हे मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने लिहायचे. दुसऱ्याच्या कामाबद्दल म्हणतात. स्वतःबद्दल म्हटलं की आपणच आपल्यावर शिक्का मारल्यासारखं वाटतं.”

मी वर्गात नुकतंच शिकलेलं मध्येच सांगून टाकलं, “नॉट अप टू स्क्रॅच!”

“स्क्रॅच म्हणजे ओरखडा ना?” भाऊ म्हणाला, “ओरखड्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही?” आणि परत आल्यापासून पहिल्यांदा तो हसला. खाली मिरची दळायला लागली होती. आम्ही तिघंही शिंकत होतो, डोळे पुसत होतो आणि हसत होतो. अक्का खालून ओरडली, “काय व्हयनं रे?” पण तिला सांगायला कुणाचा श्वासच जागेवर नव्हता.

असे बरेच दिवस गेले. लिलीबाई रोज नवीन काहीतरी आणत. ‘फॉल शॉर्ट’ त्यांना आवडायचं. त्या म्हणत, यात माणूस निघालेला असतो, चाललेला असतो, फक्त जिथे पोचायचं तिथे पोचत नाही. ‘आय डिड नॉट कम अप टू एक्स्पेक्टेशन्स’ हेही चालेल, जरा सरकारी वाटतं. ‘लेट डाउन’बद्दल त्या सावध होत्या. त्या म्हणाल्या, “लेट डाउनमध्ये दुसरा माणूस येतो. तुमच्यावर भरवसा टाकलेला. तो पडतो, आणि पाडणारे तुम्ही असता. ते कंपनीला सांगायचं कारण नाही.”

पण भाऊच्या जिभेवर तेच बसलं. बाकीची वाक्यं तो अडखळत म्हणायचा, ‘एक्स्पेक्टेशन्स’वर तर दर वेळी घसरायचा. ‘आय लेट माय फादर डाउन’ मात्र एकदाही चुकला नाही. उच्चार स्वच्छ, एका दमात. लिलीबाई ते ऐकून घेत आणि काही न सुधारता पुढच्या प्रश्नावर जात. आज मला वाटतं, त्यांना कळलं होतं की हे वाक्य साहेबांसाठी नाहीच.

(माझी नात परवा मोबाइलवर एका धड्याचं इंग्रजी भाषांतर करत होती. मला म्हणाली, ‘आजी, अपेक्षाभंगाला इतके शब्द दाखवतोय हा, यातला कोणता घेऊ?’ मी विचारलं, ‘कोणाचा झालाय, कोणामुळे झालाय?’ तिने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, ‘ते मला कसं माहीत? धडाच तसाय.’ मग मी तिला वरचा पहिला घ्यायला सांगितलं.)

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी आबा अचानक धुळ्याला आले. कुणी बोलावलं नव्हतं, येतो म्हणून कळवलंही नव्हतं. खाली अक्काने त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात घरच्या केळीचा घड आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. गिरणी भरात होती. वर भाऊ उभा राहून उजळणी करत होता, लिलीबाई साहेब होऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि मी दाराशी. लिलीबाईंनी विचारलं, का सोडलंत. भाऊने गिरणीच्या वर आवाज नेऊन सुरुवात केली, आणि नेमकी लाइट गेली.

“आय लेट माय फादर डाउन!” भाऊचा आवाज रिकाम्या घरात घुमावा तसा घुमला.

आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते.

आबांनी घड खाली ठेवला, टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, “फादर म्हंजे बाप ना? मना नाव काबर ली राहिना तो?”

ते हे मला विचारत होते. भाऊला नाही. भाऊ भिंतीकडे पाहत उभा.

“सुमन, सांग ना. काय म्हने तो?”

मी पुष्कळ इंग्रजी वाचलं होतं, पण ते वाक्य माझ्या घरच्या बोलीत कधी आणलं नव्हतं. घाईत मी ते तुकड्यातुकड्यांनी लावलं. “तो म्हनस... मी आबाले खाले पाडं.”

“माले?” आबांनी खरंच स्वतःच्या धोतराकडे, हातापायांकडे पाहिलं. “माले कव्हय पाडं यानी?”

लिलीबाई उठल्या. त्यांनी आबांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि साध्या मराठीत सांगितलं, “आबासाहेब, तुमचा मुलगा म्हणतोय, माझ्या वडिलांनी माझ्यावर भरवसा टाकला होता आणि मी तो राखू शकलो नाही. उद्याच्या मुलाखतीची उजळणी चाललीय.” एवढं बोलून त्या जिना उतरून खाली अक्काजवळ जाऊन बसल्या. मीही निघाले, तर आबांनी हाताने थांबवलं. आता वाटतं, दोघांच्या मध्ये बोलायला कुणीतरी लागायचं त्यांना, मायसारखं.

बराच वेळ ते शेंगांच्या पिशवीची गाठ सोडत बसले. “याले सांग,” ते मला म्हणाले, आणि मग थांबले. मान वर करून भाऊकडेच पाहिलं. “माले वाटे, तू मनावर रागे भरेल शे.”

भाऊ वळला. “मी? तुमनावर?”

“मंग? मी बठ्ठा गावले सांगी टाकं, पोऱ्या इंजिनेर व्हई. पेढा वाट्यात. फक्त तुलेच इचारं नही, तुले काय व्हवानं शे. तू परत उना, तव्हय माले तेच याद उनं. काय तोंड घीसन बोलू मी तुन्हाशी?”

भाऊ खाली बसला. फरशीवरच, आबांच्या पायांशी. त्याला रडू येत होतं आणि तो शेंगा सोलत होता. सोलून आबांच्या हातावर ठेवत होता, आणि आबा त्या परत त्याच्याच हातावर. कुणी खात नव्हतं. लाइट आली, गिरणी सुरू झाली, फरशी थरथरायला लागली. त्यानंतर त्यांनी एकमेकांना काही सांगितलं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. दोघांचे ओठ हलताना मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या एस.टी.ने जळगावला गेलो. मला कशाला न्यायचं, असं अक्काने विचारलं, तर आबा म्हणाले, असू दे. कंपनीच्या आवारात निंबाच्या झाडाखाली बाकडं होतं. भाऊ आत गेला. आबा बाकड्यावर मांडी घालून बसले आणि दाराकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, “त्या उमेदवाराचे वडील कोण? साहेब आत बोलवताहेत. आणि त्यांच्या मुलीलाही.”

आत काय घडलं होतं ते भाऊने नंतर सांगितलं. प्रश्न आला तो अपेक्षेप्रमाणेच, का सोडलंत. भाऊने म्हटलं, “आय फेल शॉर्ट, सर. ऑफ माय फादर्स एक्स्पेक्टेशन्स.” ‘एक्स्पेक्टेशन्स’वर घसरला नाही, याचं त्याला स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की पुढचं तयार केलेलं सगळं विसरला, आणि म्हणाला, “माय फादर इज सिटिंग आउटसाइड.” पिकल्या केसांच्या त्या साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि शिपायाला हाक मारली. शेजारी बसलेल्या मुंबईच्या अधिकाऱ्याने दुभाष्याचं काम करू का म्हणून विचारलं, पण आमची अहिराणी त्याला येत नव्हती. भाऊने करावं, तर साहेब म्हणाले, स्वतःबद्दलचं तुम्ही नको. तेव्हा भाऊने माझं नाव सांगितलं.

आबांना खुर्ची दिली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, टोपी मांडीवर. साहेबांनी माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, “तुमचा भाऊ म्हणतो, तो वडिलांच्या अपेक्षेला कमी पडला. त्यांना विचारा, तसं आहे का?”

मी विचारलं, “आबा, साहेब इचारतस, भाऊ कमी पडना का?”

आबा साहेबांकडे पाहूनच बोलले, जणू ते अहिराणी समजत असावेत. “नही. मी याले जी वाट दखाडी, त्या वाटवर मी कधी चालनू नही. मना बापबी नही. तो जितला गया, तितला मना घरमा कोनी गयं नही.”

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडात आधी आलं, ‘ही डिड नॉट फॉल शॉर्ट’. ते बरोबर होतं. व्याकरणाने तर अगदी बरोबर होतं. पण त्यातही पडणं राहतच होतं, नुसतं पुढे एक ‘नॉट’ लावलेलं, आणि आबांच्या बोलण्यात पडणं कुठे नव्हतंच. ते चालण्याबद्दल बोलले होते. मी म्हटलं, “सर, माय फादर सेज, ही हॅज गॉन फर्दर दॅन एनी ऑफ अस.”

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा श्वास मात्र मला ऐकू आला. लांब, आतून सुटलेला.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आबांना चहा मागवला. मग भाऊला समोर बसवून त्यांनी हळू, सोप्या इंग्रजीत सांगितलं की या जागेला पदवी लागते, वरचा नियम आहे, आणि वाट पाहायला लावण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं. निघताना त्यांनी भाऊशी हस्तांदोलन केलं आणि मग आबांशीही. आबांनी आयुष्यात तोपर्यंत कुणाशी तसा हात मिळवला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरला.

आवाराबाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, “नही जमनं, आबा.”

“माले समजनं,” आबा म्हणाले. “चाला, भूक लागनी.”

स्टँडजवळच्या खानावळीत आम्ही भरीत-भाकरी मागवली. हिरव्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात आणि तेल, बाजूला उडदाची डाळ. आबा भरभर जेवणारे, बोलणं जेवण झाल्यावर. त्या दिवशी मात्र दोन घास खाऊन त्यांनी हात थांबवला आणि भाऊला विचारलं, “आते तुले काय करानं शे?”

भाऊने मान खाली घातली. भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा ताटात ठेवला. मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. धुळ्यात तो रोज दुपारी अक्काच्या गिऱ्हाइकांच्या पोरांना गिरणीच्या ओट्यावर बसवून गणितं सोडवून द्यायचा, आणि पोरं दळण झालं तरी उठायची नाहीत. पुढे तो बी. एस्सी. झाला, बी. एड. झाला, सावद्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाला, हे सगळं तेव्हा अजून घडायचं होतं. मला ते पटकन सांगून टाकायचं होतं. मी तोंड उघडलं, तर आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

भरीत निवत चाललं होतं. बाहेर कंडक्टर गावांची नावं पुकारत होता, आमच्या गाडीचंही नाव त्याने पुकारलं आणि ती गाडी निघून गेली. भाऊ अजून शब्द शोधत होता. आबांनी आपलं ताट बाजूला सारलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि भाऊच्या तोंडाकडे पाहत म्हणाले,

“सांग तू. कितला बी येळ लागू दे. मी ऐकी राहिनू.”